पडद्यावरची शाळा आणि घरची भाषा



मंडळाने यंदाच्या व्याख्यानाचा विषय कळवला, 'समाजमाध्यमे, शिक्षण आणि आपली ओळख', तेव्हा वाटलं, यासाठी एखाद्या संगणकाच्या प्राध्यापकाला बोलवायला हवं होतं. मी आयुष्यभर खडू-फळ्यावर शिकवलेला माणूस. पण चार दिवस विचार केल्यावर ध्यानात आलं, की या विषयात यंत्राचा भाग थोडा आहे आणि घराचा जास्त. घराविषयी बोलायला कुणाची पदवी लागत नाही. म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

एक लहानसा प्रसंग सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी पऱ्हाटीच्या डवरणीचा विषय निघाला होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "यंदा डवरणीले मानसं भेटून नाही राह्यले." सातवीत शिकणारा नातू शेजारीच बसला होता. त्याने फोन तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "डवरणी क्या होता है?" फोनने ऐकलं 'डरावनी', आणि भुताखेतांच्या सिनेमांची यादी समोर मांडली. आम्ही सगळे पोट धरून हसलो. नातूही हसला.

रात्री मात्र मला झोप लागेना. आजी हाताच्या अंतरावर बसलेली असताना पोराने फोनला विचारलं. मराठी घरात बसून हिंदीत विचारलं. आणि ज्याला विचारलं, त्याला आपल्या वावरातला साधा शब्द ठाऊक नव्हता. असं का, हे तीन प्रश्न त्या रात्री माझ्यासमोर उभे राहिले. आजचं माझं बोलणं या तीन प्रश्नांपुरतंच आहे.

पहिला प्रश्न : आजी जवळ असताना फोनला का विचारलं?

याचं उत्तर शोधायला २०२० सालापर्यंत मागे जावं लागतं. मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली, शाळांना कुलपं लागली. मध्य प्रदेशच्या शिक्षण विभागाने एप्रिलमध्ये 'डिजिलेप' नावाचा उपक्रम सुरू केला आणि व्हॉट्सॲपच्या समूहांवरून धडे मुलांपर्यंत जाऊ लागले. जुलैत 'हमारा घर हमारा विद्यालय' आलं. केंद्राचं 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासून होतंच, तेही त्या दिवसांत घरोघरी माहीत झालं. आपल्याला ते दिवस आठवत असतील. घरात चांगला फोन एकच, आणि तो सकाळीच वडिलांसोबत वावरात निघून जायचा. संध्याकाळी तो परत आला की अभ्यास सुरू. काही घरांत तर पोरं नेटवर्क मिळावं म्हणून माळवदावर, गच्चीवर चढून बसत.

त्या दिवसांत एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. शाळा घरात आली. एरवी मूल शाळेत जातं आणि आईबापांना फक्त गुणपत्रिका दिसते. आता गुरुजींचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. शाळा आणि घर जवळ येण्याची ही केवढी मोठी संधी होती! पण बहुतेक घरांत झालं वेगळंच. "गप्प बसा, क्लास सुरू आहे." आजीने भांडं वाजवायचं नाही, आजोबांनी खोकायचं नाही, आईने हाक मारायची नाही. शाळा घरात आली आणि घर गप्प झालं. पडद्यावर जे चालतं ते शिक्षण, आणि जे चालताना बंद ठेवायचं ते घरचं बोलणं, अशी समजूत त्या वयात मुलांच्या मनात बसली असेल, तर त्यात त्यांचा काय दोष? शाळा उघडल्या, पण सवय राहिली. शंका आली की हात फोनकडे जातो.

मी फोनच्या विरोधात बोलायला उभा नाही, हे इथेच सांगून टाकतो. लोधीखेड्याच्या किंवा रामाकोन्याच्या मुलीला भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक पूर्वी नागपूरला खोली करून राहिल्याशिवाय मिळत नव्हता. आज तो तिच्या तळहातावर येतो. आपले संत्रा बागायतदार झाडाला डिंक्या लागला, आंबिया बहारासाठी ताण किती द्यायचा, असं काही अडलं की नागपूर-अमरावतीकडच्या जाणकारांचं मराठीतलं बोलणं फोनवर ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी बागेत करून बघतात. हेही शिक्षणच आहे. तेव्हा साधन वाईट म्हणून मोकळं होता येणार नाही. ते कोणाच्या भाषेत बोलतं आणि घराला सोबत घेतं की बाहेर ठेवतं, हे पाहावं लागेल.

याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते आपल्याला आरशासारखं आहे. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचं ते बक्षीस, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांत याचीच चर्चा झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्यांच्या कामाची जी माहिती दिली तीत म्हटलं आहे, की शाळेची पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती. मुलं घरी कन्नड बोलणारी. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले, मग पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांनी नव्याने बांधली आणि पानापानावर क्यूआर कोड दिले. तो चौकोन फोनने टिपला की कविता, गोष्ट, धडा कन्नडमध्ये ऐकू येई.

जरा विचार करा. तिथे राज्याची भाषा मराठी आणि मूल कन्नड घरातलं. इथे राज्याची भाषा हिंदी आणि मूल मराठी घरातलं. जे परितेवाडीचं मूल, तेच सौंसरचं मूल. तोच फोन एका ठिकाणी घरची भाषा पुस्तकात घेऊन आला. आपल्याकडे त्याने घराला गप्प केलं. फरक फोनमध्ये नव्हता. तिथे एका माणसाने त्याला मुलाच्या भाषेत बोलायला लावलं, आपल्याकडे ते कोणी केलं नाही.

दुसरा प्रश्न : मराठी घरातल्या मुलाने हिंदीत का विचारलं?

यामागे फोनपेक्षा जुना इतिहास आहे. तो आपल्याला माहीत आहे, पण आपल्या नातवंडांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सिल्लेवानीचा घाट उतरला की मुलूख बदलतो, बोली बदलते, पोळ्याची तऱ्हा बदलते. हा घाटाखालचा मुलूख. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या. म्हणजे आपल्या आजोबांनी तहसिलीत मराठीत अर्ज दिला तर तो सरकारच्याच एका भाषेत असे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाड्यासोबत आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. लग्नसंबंध, दवाखाना, संत्र्याचा बाजार नागपूरकडे, आणि कागद भोपाळकडे, अशी आपली दोन तोंडं तेव्हापासून आहेत. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, कचेरी जवळ आली, पण कागदाची भाषा तीच राहिली.

त्याच १९५६ साली राज्यघटनेत सातवी दुरुस्ती झाली आणि कलम ३५०-क आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. म्हणजे सीमा आखणाऱ्यांनाही आपल्यासारख्या घरांची आठवण होती. पण कलम कागदावर असतं आणि पुस्तक दप्तरात असावं लागतं. हळूहळू मराठीचं पुस्तक दप्तरातून गेलं. आमच्या लहानपणी घरात मराठी पुस्तक यायचं ते नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून, चिवड्याच्या पुड्याशेजारी.

आता कुणी म्हणेल, हिंदीचा एवढा दुस्वास कशाला? दुस्वास मुळीच नाही. मराठी घरांनी हिंदीला काय दिलं ते पाहा. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. बनारसच्या 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर मराठीच. आणि मुक्तिबोधांचं घर तर विलक्षण. थोरले गजानन माधव हिंदी कवितेचे एक शिखर झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक झाले, त्यांना १९७९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मराठीसाठी मिळाला. एक घर, एक आईबाप, आणि दोन भावांनी दोन भाषा मोठ्या केल्या. त्या घराला कुणी विचारलं नाही, की तुम्ही नक्की कोण?

पण या सगळ्यांपाशी एक गोष्ट होती जी माझ्या नातवापाशी नाही. त्यांना दोन्ही भाषा वाचता-लिहिता येत होत्या. माझ्या नातवाला हिंदी आणि इंग्रजी वाचता-लिहिता येते, मराठी फक्त ऐकू येते. आजी बोलली ते शंभर टक्के कळतं, उत्तर अर्धं हिंदीत देतो, आणि एक ओळ लिहायला सांगितली तर अडतो. दोन भाषांचं घर असणं हे भाग्य आहे. पण एक भाषा हाताची आणि दुसरी नुसती कानाची झाली, की कानाची भाषा एका पिढीनंतर आठवणीत उरते. मला आज आपल्यापुढे ठेवायची आहे ती एवढीच गोष्ट, बाकी सगळं तिच्याभोवतीचं आहे.

आता यात समाजमाध्यमांनी काय केलं? कानापुरती १९५६ ची सीमा त्यांनी पुसून टाकली, हे मान्य करायला हवं. मराठी कीर्तन, नाटक, बातम्या, वऱ्हाडी विनोद, सगळं आपल्या ओसरीवर येतं. माझ्या लहानपणी मी जेवढी मराठी बाहेरून ऐकली नसेल तेवढी आजचं मूल महिनाभरात ऐकू शकतं. पण हाताचं काय? आपापल्या घरच्या व्हॉट्सॲप समूहावर आज रात्री एकदा नजर टाका. मी टाकली आणि ओशाळलो. मुलगा रोमन लिपीत मराठी लिहितो. सून हिंदीत लिहिते. पोरं चित्रं पाठवतात. आणि मी, मराठीचा कैवार घेऊन आपल्यासमोर उभा असलेला माणूस, घाईत असलो की हिंदीत लिहून टाकतो, कारण फोनवर हिंदीचाच कळफलक होता आणि तो बदलण्याचे कष्ट मी चार वर्षं घेतले नव्हते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या समूहावर अभिनंदनाचे संदेश आले. त्यातले निम्मे रोमन लिपीत होते.

लिपी तीच, देवनागरी, मग हिंदीचा कळफलक काय वाईट, असं वाटेल. पण कळफलक गप्प बसत नाही, तो सुचवतो. 'पाणी' लिहायला घेतलं की 'पानी' पुढे करतो, 'शाळा' लिहायला गेलं की 'शाला' देतो. घाईतलं बोट सुचवलेलं घेऊन टाकतं. असं दिवसातून पन्नास वेळा झालं की मुलाला 'ण' आणि 'ळ' ही आजीच्या तोंडातली चूक वाटू लागते. 'ळ' तर आपल्या ओळखीत किती खोल बसला आहे! आपण जामसावळीच्या मारुतीला जातो. पाट्यांवर आणि नकाशांवर तो जामसांवली असतो. आपला पिपळा तिथे पिपला होतो. काळे आडनावाचं मूल एका ऑनलाइन फॉर्मवर 'काले' झालं, कारण नाव इंग्रजीत भरलं आणि यंत्राने त्याचं हिंदी करून टाकलं. मग गुणपत्रिकेवर एक, ओळखपत्रावर दुसरं, आणि बापाच्या सातबारावजा कागदावर तिसरं. दुरुस्तीसाठी फेऱ्या झाल्या त्या वेगळ्याच. शेवटी घरच्यांनी म्हटलं, जाऊ द्या, 'काले'च राहू द्या. ज्या दिवशी आपण 'जाऊ द्या' म्हणतो, त्या दिवशी यंत्राने केलेली चूक आपली ओळख होते.

फोनवर एकामागून एक जे दिसत राहतं, त्याचाही हिशेब साधा आहे. बोट कुठे थांबलं, काय पूर्ण पाहिलं, कशाला पसंती दिली, एवढं टिपून तसलंच आणखी पुढे केलं जातं. त्याला तुमच्या घराची चिंता नाही आणि वैरही नाही. मुलाने हिंदी पाहिलं तर हिंदी वाढतं, मराठी शोधून पाहिलं तर मराठी येऊ लागतं. आजी-आजोबांनी पाच मिनिटं नातवासोबत बसून एखादी मराठी गोष्ट शोधली, तर त्या फोनलाही कळतं की हे मराठी घर आहे. आज त्याला ते कळत नाही, कारण आपण त्याला कधी कळू दिलं नाही.

आपली ओळख बाहेर कशी जाते, तेही पाहा. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये गोटमार होते आणि तासाभरात तिची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत देशभर पोचते. दगड, धावपळ, रक्त. खाली लोकांचे शेरे असतात, ते मी इथे वाचून दाखवत नाही. माणसं जखमी होतात हे खरं आहे, जीवही गेले आहेत, आणि याबद्दल आपल्यातही दोन मतं आहेत. ती असावीतच. पण नदीत रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा, चंडीमातेचं दर्शन, दोन गावांतल्या त्या मुला-मुलीची सांगितली जाणारी कहाणी, आणि 'हे थांबावं' म्हणणारी आपल्याच गावातली आई, यातलं काहीच त्या अर्ध्या मिनिटात नसतं. बाहेरच्याने चित्र काढलं आणि बाहेरच्याने मथळा लिहिला. परक्या शहरात शिकायला गेलेल्या आपल्या मुलाला वसतिगृहात विचारतात, "तू दगडवाल्या गावचा ना?" आणि त्याच्यापाशी उत्तर नसतं, कारण त्यानेही आपलं गाव त्याच अर्ध्या मिनिटात पाहिलेलं असतं. आपण आपल्याविषयी लिहिलं नाही, की दुसरे लिहितात. वर्तमानपत्रांच्या काळातही हे खरं होतं. आता ते फार वेगाने घडतं, एवढंच.

तिसरा प्रश्न : फोनला 'डवरणी' का कळली नाही?

बोललेलं ओळखणारं यंत्र शिकतं कसं, तर माणसांच्या आवाजाच्या पुष्कळ ध्वनिफिती आणि त्यांतलं बोलणं लिहून काढलेला मजकूर, या जोडीवर. जे लिहिलेलं आणि ध्वनिमुद्रित केलेलं भरपूर असतं, ते त्याला चांगलं येतं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, देशात तिसरा क्रमांक. तेव्हा मराठी लहान भाषा नाही. पण त्यातली लिहिलेली मराठी बहुतांशी पुस्तकांची आणि वर्तमानपत्रांची. वखर, डवरा, तिफण, धुरा, 'करून राह्यलो', 'काहून बावा' ही आपली मराठी बोलली भरपूर गेली, लिहिली फार कमी गेली. त्यातही नातवाने हिंदीत विचारलेलं, म्हणून यंत्राने हिंदीतला जवळचा शब्द उचलला. त्याची चूक नाही. त्याच्यापुढे आपण काही ठेवलंच नव्हतं.

बोलीत काय लिहायचं, असं कुणाला वाटत असेल तर एक आठवण देतो. वरूडवरून मोर्शीकडे गेलं की रिद्धपूर लागतं. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी घरोघर, माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. मराठीच्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथांत त्याची गणना होते. त्याची भाषा कोणती? त्या काळी या वऱ्हाडात लोक बोलत तीच. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलं आहे. ज्या मुलखाच्या बोलीतून मराठी गद्य उभं राहिलं, त्याच्या शेजारचे आपण. आपल्याला आपल्या बोलीची लाज वाटण्याचं कारण नाही.

आणि साधनं नाहीत, ही सबब आता चालणार नाही. १९५६ नंतर जे पुस्तक पाहुण्याच्या पिशवीतून यायचं, ते आज फुकट आणि घरबसल्या आहे. 'बालभारती'ची पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येतात, त्याला महाराष्ट्राचा रहिवासी असावं लागत नाही. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक तिथेच वाचायला मिळतात. विश्वकोशाचे वीस खंड फोनवर आहेत. मोल्सवर्थचा शब्दकोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने शोधता येतील असे ठेवले आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि त्यात आपल्या गावाचं पान आपणच लिहू शकतो. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' म्हणून सोय आहे. तिथे कुणीही आपल्या आवाजात आपल्या भाषेची वाक्यं देऊ शकतो, ती यंत्रांना शिकवायला वापरली जातात. आपल्या आजींचा आवाज तिथे गेला, तर उद्या कुणा नातवाच्या फोनला 'डवरणी' ऐकू येईल.

मंडळाचा हा मंच आहे, म्हणून आपल्यापुढे तीन-चार कामं मांडतो. मोठी नाहीत.

पहिलं काम आजच रात्रीचं. घरातल्या प्रत्येक फोनवर मराठीचा कळफलक बसवा. भाषांच्या यादीत हिंदीखेरीज मराठी वेगळी असते, ती निवडावी लागते. ज्यांना टंकायला जड जातं त्यांनी बोलून लिहावं. मराठीत ती सोय काही वर्षांपासून आहे. चुका होतील, त्या सुधाराव्या लागतील, पण सुधारता सुधारताच वाचणं होतं. आणि घरच्या समूहावर वडीलधाऱ्यांनी तरी मराठीत, देवनागरीत लिहायचं. मुलांना सांगायचं नाही, नुसतं आपण लिहायचं. मूल उपदेश ऐकत नाही, पण आजीने आपल्याला काय लिहिलं ते मात्र वाचतं.

दुसरं, रोज पंधरा मिनिटं. 'किशोर'मधली एक गोष्ट किंवा 'बालभारती'चा एक धडा नातवाने मोठ्याने वाचायचा आणि आजी-आजोबांनी ऐकायचा. अडलेला शब्द आधी आजीला विचारायचा, मग कोशाला. माझ्या अनुभवाने सांगतो, ज्याला हिंदी वाचता येते त्याला मराठी वाचायला दोन-अडीच महिने पुरतात. लिपी ओळखीची असते, शब्द कानावरचे असतात. फक्त दोघांची गाठ घालून द्यावी लागते.

तिसरं काम मंडळाचं. आपल्या दोन तालुक्यांतल्या शेतीच्या, स्वयंपाकाच्या, बैलांच्या, संत्र्याच्या, सणांच्या शब्दांचा एक संग्रह करावा. शब्द, त्याचा अर्थ, वापरून दाखवलेलं एक वाक्य, आणि शक्य तिथे म्हाताऱ्या माणसाचा आवाज. गोळा करायचं काम शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना द्यावं. फोन त्यांच्या हातातच आहे. त्याचं यापेक्षा चांगलं काम कोणतं? पुढच्या पोळ्याला त्याच मुलांनी तान्ह्या पोळ्याची, आणि गोटमारीचीही, आपली सांगणी तयार करावी. दगड लपवू नये, पण दगडापाशी थांबूही नये.

चौथं, शाळेशी बोलावं. भांडायला नको. पालक म्हणून चार घरांनी मिळून विचारावं, की घटनेत आहे, २०२० च्या शिक्षण धोरणातही पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेवर भर आहे, तर आमच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास मराठीचे होतील का? शिक्षक नसेल तर पडद्यावरून चालेल का? पूर्वी शिक्षक नाही म्हटलं की विषय संपत असे. आता तिथे तो संपत नाही. हा एक फायदा या साधनांनी आपल्याला निश्चित करून दिला आहे.

आपण म्हणाल, एवढं करून मुलगा शेवटी पुण्या-बंगळुरूला नोकरीला जाणार, तिथे मराठीचं काय काम? कदाचित काही नाही. पण तो फोन करील तो घरीच करील. त्याला आईने लिहिलेलं वाचता यावं, आजीने सांगितलेलं लिहून ठेवता यावं, आणि कुणी विचारलं की तू कुठला, तर त्याला दगडांच्या पलीकडचं काही सांगता यावं. एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

त्या डवरणीचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती नातवाला वावरात घेऊन गेल्या. पऱ्हाटीच्या दोन तासांमधून डवरा कसा चालतो, गवत कसं मरतं, मातीची भर झाडाच्या बुडाशी कशी लागते, हे त्यांनी त्याला दाखवलं. त्याने ते फोनवर टिपलं, आजीच्या बोलण्यासकट. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आबा, खाली नाव मराठीत लिहायचं आहे." त्याने लिहिलं होतं 'डवरनी'. मी म्हटलं, बाळा, तो 'न' नाही, 'ण' आहे. त्याने कळफलकावर बरंच शोधलं आणि शेवटी त्याला तो सापडला.